सफरचंदाच्या केकवर ग्लेझ: लिंबाचं की गुळाचं?

मंडईत हिमाचलची लाल सफरचंदं आली की आमच्याकडे हा केक होतोच. ती गोड असतात, म्हणून माझा कौल लिंबाच्या ग्लेझला: 100 ग्रॅम चाळलेली पिठीसाखर, त्यात बेताबेताने 3-4 छोटे चमचे लिंबाचा रस. केक मात्र पूर्ण गार हवा. कोमट केकवर ओतलं तर ग्लेझ आत मुरतं आणि ती सुंदर पांढरी झाक जाते. पुण्याच्या पावसाळी हवेत ते चिकट होतं, तेव्हा वाढायच्या थोडंच आधी ओता.

गुळाचं ग्लेझ म्हणजे गूळ, लोणी, चमचाभर पाणी. मंद आचेवर उकळून गरमच ओतायचं. दूध नको, गुळाने फाटतं. हिरव्या, आंबट सफरचंदांचा दालचिनी घातलेला केक असेल तर मी हेच करते.