वारकरी कीर्तनांच्या रेकॉर्डिंगवर वेव्हसर्फर: काही महिने वापरल्यावर

कॅसेटवरून उतरवून घेतलेली जुनी कीर्तनं, एकेक दीड-दोन तासांचं. त्यात गजर कुठे, निरूपण कुठे, मधल्या चाली कुठे, याच्या खुणा करायच्या. या कामाला मी काही महिने वेव्हसर्फर डॉट जेएस वापरतोय. ही वेबपानावर आवाजाची लाट दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. मोफत आणि ओपन सोर्स. पाच-सहा ओळींत पानावर आवाजाची लाट उमटते, हवं तिथे क्लिक केलं की तिथून वाजतं.

खरी मजा रीजन्स प्लगिनची, म्हणजे लाटेवर पट्टे आखून देणाऱ्या तिच्या जोडभागाची. माउसने ओढून पट्टा रंगवायचा, कडा धरून मागेपुढे सरकवायची, सुरुवात-शेवटाचे सेकंद साठवायचे. निरूपणात बुवा श्वासाला थांबतात तिथे लाटेत फटी दिसतात. टाळ-मृदंग सुरू झाले की सलग जाडजूड पट्टा. निम्मं काम न ऐकताच उरकतं.

लांब फाइल मात्र जड जाते. लाट काढायला ही लायब्ररी अख्खी फाइल ब्राउझरच्या मेमरीत उलगडते. हिशेब करा: दोन तास, स्टिरिओ, सेकंदाला ८००० सॅम्पल (आवाजाची मोजमापं), प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे ४६० एमबी. जुन्या फोनवर टॅब गपकन बंद. त्यावर बीबीसीचं ऑडिओवेव्हफॉर्म हे टूल बेस्ट: पीक्स (लाटेच्या उंचीचे आकडे) आधीच काढून ठेवायचे आणि कालावधीसकट लायब्ररीला द्यायचे, की उलगडण्याची भानगडच नाही. फक्त त्यातले आकडे पूर्णांकात येतात, ते उणे १ ते १ च्या मापात आणून घ्या.

ते ८००० मुद्दाम सांगितलं, कारण तोच लायब्ररीचा डिफॉल्ट सॅम्पल रेट आहे. वाजण्यावर त्याचा परिणाम नाही, पण स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या वेळी कोणते उंच-खालचे स्वर आहेत ते दाखवणारं चित्र) त्याच्या निम्म्यावर, ४००० हर्ट्झवर कापला जातो. टाळांची बरीचशी चमक त्याच्या वर! सॅम्पल रेट वाढवला की दिसते, मेमरीही तितकीच वाढते. म्हणून मी तो छोट्या तुकड्यांपुरताच वाढवतो.

व्हेरिएबल बिटरेटची (सेकंदागणिक डेटाचं प्रमाण बदलणारी) एमपी३ असेल तर लाट आणि आवाज यांची फारकत होऊ शकते. एफएफएमपेग या फाइल रूपांतराच्या टूलने कॉन्स्टंट (एकसारख्या) बिटरेटमध्ये बदलून घ्या. नव्याने शिकणाऱ्यांनी वेव्हसर्फरच्या सातव्या आवृत्तीचीच उदाहरणं बघावीत. त्याआधीच्या ट्युटोरियलमधला रीजनचा कोड आता जसाच्या तसा चालत नाही.