हुआ हिनमधले व्हिसा एजंट: एकाकडे दंड भरला, दुसरीकडे माझं स्वतःचं पासबुक झालं

परवा आमच्या दोघांच्या पासपोर्टवर पुढच्या वर्षाचा शिक्का पडला. ताजं आहे तोवर लिहून टाकते, कारण गेल्या दोन वर्षांत बँकॉकच्या आणि पुण्याच्याही कितीतरी ओळखीच्यांनी विचारलंय की थायलंडमध्ये रिटायर होऊन राहायचं तर एजंट घ्यावा का, किती घेतात, विश्वासाचे असतात का. आम्ही दोन वापरले. दोघांचीही नावं देत नाहीये. पहिल्याचं द्यायची इच्छा नाही, आणि दुसरी स्वतःच म्हणाली की नाव टाकू नका, आहेत तेवढीच माणसं मला झेपतात.

आधी आमच्याबद्दल थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही. हे १९९४ मध्ये इथे सिंथेटिक धाग्याच्या कारखान्यात आले. २५ वर्षं वर्क परमिटवर काढली, मुलगी इथेच शिकली, मग ती पुण्याला गेली, बाणेरला असते. २०१९ मध्ये हे निवृत्त झाले आणि आम्ही दोन वर्षांनी बँकॉक सोडून हुआ हिनला आलो. समुद्र आहे, गर्दी बेताची, बँकॉक साधारण २०० किलोमीटर. बाजारात केळफूल, कोवळा नारळ, मुळांसकट कोथिंबीर सगळं मिळतं, आणि तोंडलीच्या वेलाचा पाला, आपण तोंडली खातो आणि हे लोक पाला खातात, मी आता त्याची डाळ घालून भाजी करते. सांगायचं हे की आमचं इथे घर झालंय, आम्ही इथे सुट्टीवर आलेलो नाही. आणि तरीही कागदावर आम्ही दरवर्षी एक वर्षाचे पाहुणे.

एक चूक आमची स्वतःची, ती इतरांनी करू नये म्हणून सांगते. नोकरीत असताना सलग तीन वर्षं कामाच्या व्हिसावर झाली की इथे कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो, एका देशाच्या १०० लोकांना वर्षाला देतात, मंजूर झाल्यावर १,९१,४०० बाट भरायचे. आम्हाला २५ वर्षांत वाटलंच नाही की इथेच म्हातारे होऊ, दरवर्षी म्हणायचो अजून दोन वर्षं मग पुणे. निवृत्त झाल्यावर तो रस्ता बंद. ज्यांची इथे अजून नोकरी चालू आहे त्यांनी आजच चौकशी करा, पुढे ढकलू नका.

रिटायर होऊन राहण्याची परवानगी इथे दरवर्षी वाढवून घ्यावी लागते, त्या मुदतवाढीचा मूळ नियम सोपा आहे. वय ५० च्या वर, आणि थाई बँकेत ८ लाख बाट किंवा महिना ६५,००० बाट उत्पन्न किंवा दोन्ही मिळून वर्षाचे ८ लाख. २०१९ च्या मार्चपासून ते ८ लाख अर्जाआधी दोन महिने खात्यात हवेत, अर्ज मंजूर झाल्यावर तीन महिने हलवायचे नाहीत, आणि उरलेल्या वर्षातही ४ लाखांच्या खाली जायचं नाही. म्हणजे तुमच्या पैशातले ४ लाख कायम गोठलेलेच धरा. त्याशिवाय दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, चुकलं तर २,००० बाट दंड. घरमालकाने तुम्ही आल्याचं २४ तासांत कळवायचं ते वेगळं. देशाबाहेर जाताना रीएंट्री, म्हणजे परत येण्याची परवानगी घ्यायची, एकदाची १,००० आणि कितीही वेळाची ३,८००, ती न घेता विमानात बसलात तर वर्षभराची मुदतवाढ तिथेच रद्द.

आता पहिला एजंट. पहिली दोन वर्षं ह्यांनी सगळं स्वतः केलं, काही अडलं नाही. २०२३ मध्ये ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, इमिग्रेशन ऑफिसात तास न् तास बसणं शक्य नव्हतं म्हणून एकाकडे दिलं. चकचकीत ऑफिस, इंग्लिश उत्तम, दोघांचे मिळून १५,००० बाट, आधी सगळे द्या. पासपोर्ट ठेवून घेतले, पावती मागितली तर म्हणाला सिस्टिम बंद आहे. तीन आठवडे गेले, फोन केला की सबाय सबाय, म्हणजे निवांत राहा. त्यात ह्यांचा ताप वाढला, रात्री हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं आणि तिथे पासपोर्ट मागितला तेव्हा माझ्याकडे फक्त मोबाईलमधला फोटो होता. त्यांनी त्यावर घेतलं, चांगली माणसं होती, पण ती रात्र माझी कशी गेली ते मलाच माहीत. पुढे कळलं की ९० दिवसांच्या रिपोर्टचे पैसे आमच्याकडून घेऊनही त्याने तारीख चुकवली होती, दोघांचा मिळून ४,००० दंड, तो आम्हीच भरला.

आणि पासपोर्ट परत देताना तो म्हणतो की पुढच्या वर्षी तुम्ही ८ लाख ठेवायचीही गरज नाही, आम्ही तुमच्या खात्यात टाकतो आणि काम झालं की काढून घेतो, २५,००० द्या फक्त. ही ऑफर इथे खूप जणांना मिळते आणि खूप जण घेतात, ज्यांचे पैसे संपत आलेत ते तर नाइलाजाने घेतात, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण समजून घ्या की अर्जावर सही तुमची असते, एजंटची नाही. तीन महिने पैसे खात्यात राहायला हवेत ही अट तशा व्यवहारात पाळली जातच नाही, म्हणजे कधीही पासबुक मागितलं तर तुम्ही उघडे पडता, सत्तरीच्या वयात. आम्ही तिथून उठलो ते परत गेलो नाही.

दुसरी एजंट शेजारच्या ब्रिटिश आजोबांनी सांगितली. दोन टेबलं, एक जुनं झेरॉक्स मशीन, बाई चाळिशीची, आधी बँकेत नोकरीला होती. मला "पा" म्हणते आणि ह्यांना "लुंग", म्हणजे आपलं मावशी आणि काका. इंग्लिश मोडकंतोडकं पण माझं थाई बाजारापुरतं बरं आहे, चालून जातं. दोघांचे ५,०००, सरकारी फी माणशी १,९०० वेगळी, आणि निम्मे पैसे काम झाल्यावर. पासपोर्ट ती ठेवतच नाही, ज्या दिवशी जायचं त्या दिवशी आपण घेऊन यायचं, ती सोबत येते, नंबर लावते, आपला नंबर आला की बोलावते. आदल्या दिवशी ह्या कागदावर निळ्या पेनने सही, ह्या पानाची कॉपी, घराचा नकाशा, दारासमोर उभं राहून फोटो, आणि सकाळी आधी बँकेत जाऊन त्याच दिवशीचं पत्र आणि पासबुकात त्याच दिवशीची एंट्री. ह्या एंट्रीसाठी बँकेत उगाच १०० बाट भरायला लावते, म्हणजे तारीख छापून येते. इमिग्रेशनच्या काउंटरवरच्या मुलीने सगळं बघून १५ मिनिटांत मार्गी लावलं, अगदी अदबीने.

माझा एक जुना घोळही तिनेच सोडवला. आमच्या लग्नाच्या दाखल्यावर माझं माहेरचं नाव आहे आणि पासपोर्टवर सासरचं. आपल्याकडे हे किती साधं आहे, पण थाई माणसाला कसं समजावणार की लग्नात बाईचं नाव, मधलं नाव आणि आडनाव तिन्ही बदलू शकतं. दरवर्षी त्यावर प्रश्न यायचा. हिने सांगितलं की आधी तुमच्या वकिलातीतून दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं पत्र आणा, मग त्याचं थाई भाषांतर, मग इथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. बँकॉकला दोन खेपा झाल्या, सुखुमवित सोई २३ मध्ये आपली वकिलात आहे तिथे आणि मग शहराच्या दुसऱ्या टोकाला. पण आता तो विषय कायमचा मिटला.

हे सगळं कोणताही चांगला एजंट करेल. मी हे लिहायला बसले ते वेगळ्या कारणाने.

कागद लावता लावता तिने ह्यांचं पासबुक बघितलं, माझा पासपोर्ट बघितला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, पा, लुंगला काही झालं तर तुझं काय? मी म्हटलं म्हणजे? मग तिने समजावलं. मी इथे ह्यांची बायको म्हणून राहतेय, माझी मुदतवाढ ह्यांच्या मुदतवाढीला बांधलेली. हे गेले की माझं राहण्याचं कारणच संपतं. आणि ते ८ लाख ह्यांच्या एकट्याच्या खात्यात, कारण जॉइंट खात्यातली रक्कम अर्धीच धरतात म्हणून सगळे एकट्याच्या नावावर ठेवतात. माणूस गेल्याचं कळलं की बँक खातं गोठवते आणि वारसाला इथल्या कोर्टाची ऑर्डर आणावी लागते, त्याला महिने लागतात. म्हणजे हातात पैसा नाही, व्हिसा नाही, आणि माणूस नुकताच गेलेला. ३० वर्षं मी इथे राहिले आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं, ह्यांनाही सुचलं नव्हतं. घरी येऊन सांगितलं तेव्हा हे बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

मग आम्ही तिच्या सांगण्याप्रमाणे तीन गोष्टी केल्या. ह्यांचं थाई भाषेतलं मृत्युपत्र, वकिलाकडून. घरात दोन-तीन महिन्यांचा खर्च निघेल एवढी रक्कम माझ्या खात्यात. आणि मी पुढच्या वर्षी बायको म्हणून नाही, स्वतःच्या नावावर रिटायरमेंटसाठी अर्ज करायचा, मला ६६ पूर्ण आहेत, वयाची अडचण नाही. त्याला माझे ८ लाख हवेत, म्हणजे आपले साधारण वीस लाखांच्या वर. माझी आईकडून आलेली पुण्यातली एफडी होती ती मोडली. एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांच्या तिकडच्या खात्यातून पैसे बाहेर काढायला टॅक्सचे दोन फॉर्म लागले, सीएचा दाखला १५सीबी आणि आपलं १५सीए, पुण्यातल्या सीएने केलं, आठवडा गेला. आणि बाईने एक फार उपयोगाचं सांगितलं, ३१ डिसेंबर २०२३ चं बँक स्टेटमेंट जपून ठेवा. १ जानेवारी २०२४ पासून वर्षात १८० दिवस इथे राहणाऱ्याने बाहेरचं उत्पन्न इथे आणलं तर त्यावर टॅक्स लागू शकतो, पण त्या तारखेआधीचं जे आहे त्याला नाही. माझी रक्कम जुनी आहे हे त्या एका कागदावरून दिसतं.

राहायचं की जायचं हा प्रश्न आमच्या गल्लीत प्रत्येक घरात चालू आहे. ऑस्ट्रेलियन जोडपं गेलं परत. २०१८ च्या शेवटी आणि २०१९ च्या सुरुवातीला ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियाच्या वकिलातींनी उत्पन्नाची पत्रं, ज्यावर ६५,००० ची अट भागायची, देणं बंद केलं तेव्हापासून त्यांची ओढाताण सुरू होती. ज्यांचा ओए व्हिसा, म्हणजे आपल्या देशातल्या थाई वकिलातीतून घेतलेला रिटायरमेंटचा व्हिसा आहे त्यांना २०१९ पासून हेल्थ इन्शुरन्सची सक्ती आहे आणि ती रक्कम नंतर ३० लाख बाटांवर नेली, ७५ च्या माणसाला तेवढा इन्शुरन्स कोण देतो? आमचा नॉन ओ हा वेगळा प्रकार आहे म्हणून आमच्याकडे मागितला नाही. ब्रिटिश आजोबा ८१ वर्षांचे, त्यांची सरकारी पेन्शन थायलंडला आल्या दिवसाच्या आकड्यावर अडकलीये, इथे राहणाऱ्यांना ब्रिटन वाढ देत नाही, आणि पौंडाला पूर्वी ७० बाट यायचे ते चाळीस-पंचेचाळीसवर आले. ते म्हणतात परत जाऊन कुणाकडे जाऊ, तिथे ओळखीचं कुणी जिवंत नाही. मला त्यांचं हे वाक्य रात्री आठवतं.

आमचं तसं नाही, आमच्याकडे पुणे आहे. पण कोथरूडची आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीये, तीन वर्षं तरी घर नाही, बिल्डर भाडं देतो पण या वयात भाड्याच्या घरात, नवीन गल्लीत, नवीन डॉक्टर शोधत राहायचं हे ह्यांना नको वाटतं. मुलगी म्हणते या ना इकडे. तिचं बरोबर आहे, रात्री-अपरात्री आपलं माणूस लागतं. ह्यांना इथेच राहायचंय. मला विचाराल तर मला दोन वर्षं हवीत, त्यानंतर घर तयार झालं की बघू. पण मला हे राहणं माझ्या स्वतःच्या कागदावर हवंय, आणि जाणं झालं तर आम्ही ठरवू तेव्हा, कुठल्याशा तारखेला कुणी काढलं म्हणून नाही.

मागच्या मंगळवारी माझं खातं उघडलं. बँकेतल्या मुलीने माझं नाव थाई अक्षरांत लिहून दाखवलं आणि विचारलं बरोबर आहे का, मी म्हटलं बरोबर आहे, आणि तिने पासबुक माझ्या हातात दिलं. ह्या देशात माझ्या एकटीच्या नावाचं हे पहिलंच.

तर पहिल्या प्रकारच्या एजंटला पाचपैकी एकही नाही. पासपोर्ट ठेवून घेणारा, पावती न देणारा, तुमच्या खात्यात स्वतःचे पैसे टाकतो म्हणणारा, ह्यातलं एक जरी दिसलं तरी उठा. दुसरीला पाच. ज्यांना नुसता शिक्का हवाय आणि पाय धडधाकट आहेत त्यांनी एजंट घेऊच नये, स्वतः जा, होतं. पण नवराबायको दोघं असाल आणि एकाच्या व्हिसावर दुसरं असेल तर तिच्यासारख्या कुणापुढे एकदा तरी बसा, आणि दोघांनी मिळून बसा.

पत्ता हवा असेल त्यांनी मला विचारा, मी तिला विचारून देईन. कॉप्या आधीच काढून न्या, तिच्याकडचं मशीन मधेच अडकतं, आणि दुपारी साडेतीननंतर जाऊ नका, तेव्हा ती मुलाला शाळेतून आणायला गेलेली असते.