नॉर्थ लंडन कॉलेजिएट स्कूल : कोल्हापूरच्या एका गणित शिक्षिकेचा अभिप्राय

माझ्या भाचीच्या मुलीला अकराव्या वर्षी ज्या शाळेत घालायचे घरात घाटत आहे, ती लंडनच्या एजवेअर भागातली मुलींची शाळा पालकांसाठीच्या खुल्या दिवशी मी त्या दोघींबरोबर पाहून आले. परतल्यावर राजारामपुरीतल्या दोन ओळखीच्या घरांतून चौकशी झाली, म्हणून हा अभिप्राय थोडा सविस्तर लिहीत आहे.

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या जुबिली मार्गावरील कॅनन्स पार्क स्थानकावरून शाळेत चालत जाता येते. हे आवार एके काळी ड्यूक ऑफ चँडोसचे होते आणि संगीतकार हँडल १७१७-१८ च्या सुमारास त्याच्या आश्रयास होता. झाडी आणि हिरवळ पाहून डोळे निवतात, परंतु शाळेचा पाया इथे नव्हे, लंडनच्याच कॅम्डेन भागात घातला गेला. फ्रान्सिस मेरी बस या अवघ्या बावीस वर्षांच्या शिक्षिकेने ती १८५० मध्ये सुरू केली. १८६३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या शालेय परीक्षा प्रयोगादाखल मुलींना खुल्या झाल्या, तेव्हा मोठ्या वयोगटातील बहुतेक मुली अंकगणितात नापास झाल्या. बसबाईंनी सबबी सांगितल्या नाहीत. त्यांनी अंकगणिताची शिकवणी सुधारली, आणि १८६५ मध्ये त्या परीक्षा मुलींसाठी रीतसर खुल्या झाल्या. आयुष्यभर फळ्यापुढे त्रैराशिक शिकवलेल्या माझ्यासारखीला या बाईंविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

त्यांची शिस्त मात्र जाचक होती. शाळेत येताना पावसात भिजणे, तिघींहून अधिक जणींनी एका ओळीत चालणे, हातातून पेन्सिलीची पेटी पडणे, हे सारे निषिद्ध असल्याचे १८८० च्या दशकातील एका विद्यार्थिनीने लिहून ठेवले आहे. (कोल्हापूरच्या पावसात तो पहिला नियम एक दिवसही टिकला नसता.) आजच्या मुली मोकळ्या वाटल्या. आम्हाला आवार दाखवणाऱ्या मुलीने भाचीच्या मुलीला प्रयोगशाळेत नेऊन तिच्याच कलाने बोलते केले. शेवटच्या दोन वर्षांसाठी ए-लेव्हल या तीन-चार विषयांच्या ब्रिटिश अभ्यासक्रमाखेरीज इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या सहा विषयांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचाही पर्याय आहे, आणि एवढ्या कोवळ्या वयात विषय कमी करू न इच्छिणाऱ्या मुलीने तो जरूर विचारात घ्यावा.

माझी अडचण प्रवेशाची आहे. मुलींना परीक्षेला बसू द्या म्हणून जी शाळा झगडली, तिच्या दारातच आज दहा वर्षांच्या मुलीची परीक्षा होते, आणि त्या परीक्षेसाठी पालक वर्ष-दोन वर्षे आधीपासून खासगी शिकवण्या लावतात. शुल्क रुपयांत मोजल्यास वर्षाला पंचवीस लाखांच्या वर जाते. १ जानेवारी २०२५ पासून इंग्लंडमधील खासगी शाळांच्या शुल्कावर वीस टक्के व्हॅटही लागला आहे. शिष्यवृत्तीची सोय आहे, तिची चौकशी अर्ज करण्यापूर्वीच करावी. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले त्या गावात वाढल्यामुळे असेल, हे गणित मला पटत नाही. बसबाईंनाही ते पुरते पटले नसावे, कारण १८७१ मध्ये त्यांनी कमी शुल्काची कॅम्डेन स्कूल फॉर गर्ल्स वेगळी काढली. ती आज सरकारी शाळा असून तिथे फी नाही.

अध्यापन आणि वातावरण यांना मी पाचपैकी पाच गुण देईन, प्रवेशाच्या पद्धतीला दोन. भाचीच्या मुलीने अर्ज भरला आहे. तिच्यासाठी अपूर्णांकांची एक वही तयार करून मी कालच टपालाने पाठवली.