प्रयोगांचं किट आणावं की ओट्यावरच भागवावं?

मुलांकडून घरी प्रयोग करून घ्यायचे हे ठरलं, की गाडी इथे येऊन थांबते: तयार किट आणायचं, की स्वयंपाकघरातल्या डब्यांवर भागवायचं? पाचवीतल्या लेकीसाठी आमच्याकडे दोन्ही झालंय.

वीज, चुंबक, भिंग यांत स्वयंपाकघर तोकडंच पडतं. सेल, होल्डर, बल्ब, वायरी एका खोक्यात असल्या की मूल लगेच जोडायला बसतं; घरी त्या जमवेपर्यंत रविवार संपतो.

रसायनाच्या प्रयोगांत मात्र मला वैताग आणला तो पुड्यांनी. आमच्या किटमध्ये सायट्रिक आम्ल आणि खायचा सोडा होता तो एका प्रयोगापुरता. फेस आला, सगळे खूश, आणि लेकीने विचारलं, "बाबा, सोडा दुप्पट घातला तर फेसही दुप्पट येईल?" पुडी संपलेली, आणि तेवढीच सुटी मिळत नाही. प्रश्न तिथेच विरला. मला वाटतं, खरा प्रयोग त्या प्रश्नापासून सुरू होतो. आधीचा फेस ही नुसती गंमत.

पुढे तोच प्रयोग लिंबू आणि डब्यातला सोडा घेऊन केला. एका मर्यादेनंतर सोडा वाढवूनही फेस वाढेना, पांढरा गाळ तळाशी बसला. वरून अर्धं लिंबू पिळलं तर पुन्हा फसफसलं. कमी काय पडत होतं, हे तिला सांगावं लागलं नाही.

हळदीचंही तसंच. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदी पट्ट्या हव्या तेवढ्या करता येतात. धुण्याच्या सोड्याने पट्टी लालसर होते, लिंबाने परत पिवळी. खायच्या सोड्याने तेवढा रंग चढत नाही. चुना लावल्यावर आमच्या आईने हळद-चुन्यापासून कुंकू करायची जुनी रीत सांगितली. (चुना मोठ्यांच्या हातात असू द्या, डोळ्यांना वाईट.)

किट म्हटलं की वाईटच, असं नाही. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमातही शाळांना किट मिळायचं, पण त्यात भर होता आसपास सहज मिळणाऱ्या, स्वस्त वस्तूंवर. संपलं तर गावात मिळेल, असं सामान.

ओट्याच्याही कटकटी आहेत. संध्याकाळी तो रिकामा नसतो, हळदीचे डाग सहजी निघत नाहीत, चमच्याचं माप सैल असतं. गॅस लागणार असेल तर तुम्हाला शेजारी उभं राहावंच लागतं.

तुमचं मूल नुसतं पुस्तिका बघून शांतपणे जोडणारं असेल, तर कदाचित किटच बरं. प्रश्न विचारून भंडावणारं असेल, तर मी आधी त्या पैशांत छोटा वजनकाटा, ड्रॉपर आणि चार टेस्टट्यूब घेईन. विजेचं किट नंतर घ्याच. फक्त त्यातले बल्ब आणि वायरी सुट्या मिळतात का, हे दुकानदाराला आधी विचारा.