स्केलिंग करताना कोणतं सक्शन: लाळ ओढणारी नळी की हाय व्हॉल्यूम?

स्केलिंग म्हणजे दातांवर साचलेला कडक थर काढणं. त्यासाठीच्या अल्ट्रासॉनिक स्केलरचं टोक सेकंदाला साधारण 25 हजार किंवा त्याहून जास्त वेळा थरथरतं. त्यावर पडणाऱ्या थंड पाण्याचा बारीक फवारा उडतो आणि त्यात लाळ, रक्त, जंतू सगळंच मिसळलेलं असतं. तो हवेत पसरण्याआधी पकडायचा कशाने?

ओठाच्या कोपऱ्यात अडकवायची बारीक नळी सोयीची खरी. हात मोकळा राहतो, मदतनीस लागत नाही. पण तिचं काम तोंडात साचलेलं पाणी उपसणं. उडालेला फवारा तिच्या आवाक्याबाहेरचा. शिवाय पेशंटने तिच्याभोवती ओठ घट्ट मिटले, तर नळीतलं आधीचं पाणी उलटं तोंडात येऊ शकतं. म्हणून 'ओठ मिटा' असं सांगूच नये.

हाय व्हॉल्यूम सक्शनचं तोंड साधारण 8 मिलिमीटर किंवा त्याहून मोठं असतं आणि ते मिनिटाला 100 घनफुटांपर्यंत हवा खेचतं. नीट वापरलं तर फवाऱ्यातून होणारा प्रसार 90 टक्क्यांहून जास्त घटतो. मेख आहे ती 'नीट' मध्येच: टोक स्केलरपासून एखाद-दीड सेंटिमीटरवर हवं आणि दातागणिक सोबत सरकायला हवं. लांब धरलं तर नुसता आवाज. एकट्याने काम करणाऱ्याचं मनगट दुखतं, गाल आत ओढला जातो, तेही आहेच.

तरी माझं मत हाय व्हॉल्यूमलाच. मदतनीस नसेल तर तोंडात धरायच्या आरशाला जोडलेलं सक्शन घ्यावं. मास्क मात्र दोन्हीकडे लागतोच.