दिवस राहण्याआधीची मेटाबॉलिक चाचणी: पॅकेज घ्यावं का?

लॅबच्या 'प्री-प्रेग्नन्सी' पॅकेजमध्ये हल्ली टीएमएस नावाची एक ओळ दिसते. टीएमएस म्हणजे टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री, रक्तातले रेणू वजनावरून ओळखून मोजण्याचं तंत्र. बोटातल्या रक्ताचे ठिपके फिल्टर पेपरच्या कार्डावर घेतात आणि त्यावरून चयापचयाचे किती आजार कळतात याचा भला मोठा आकडा छापतात. त्या आकड्याला भुलू नका. दिवस राहण्याआधी या चाचणीचे पैसे वसूल होतात ते मुख्यतः एका आजारासाठी: फिनाइलकीटोन्युरिया, म्हणजे पीकेयू.

या आजारात प्रथिनांतलं फिनाइलॲलनिन हे अमिनो ॲसिड शरीरात नीट मोडत नाही. सौम्य प्रकार असलेली बाई शिकते, नोकरी करते, तिला स्वतःला काही जाणवतही नाही. पण वार (प्लासेंटा) हे फिनाइलॲलनिन ओढून घेते आणि बाळाच्या रक्तात ते आईपेक्षा जास्त साठतं. लेंके आणि लेव्ही यांच्या 1980 सालच्या पाहणीत, आईची पातळी 20 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आणि उपचार नाहीत अशा गर्भारपणांतल्या 92 टक्के मुलांची बौद्धिक वाढ खुंटली होती, 73 टक्क्यांचं डोकं लहान होतं. बाळ स्वतः बहुधा फक्त वाहक असतं (सदोष जनुकाची एकच प्रत, आजार नाही), त्यामुळे जन्मल्यावर टाचेच्या रक्तावर केलेली त्याची चाचणी नॉर्मल येते आणि आईवर संशय जात नाही. आज पंचविशी-तिशीत असलेल्या आपल्याकडच्या बायकांची जन्मतः तपासणी झालेली नाही. गोव्यातला नवजात तपासणीचा सरकारी कार्यक्रमसुद्धा 2008 चा.

चाचणी चांगली, पण नमुना घेताना माती होते. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा, एका वर्तुळात एकच थेंब आणि तोही एकाच बाजूने. रक्त मागच्या बाजूपर्यंत झिरपलं पाहिजे. यंत्र त्यातून 3.2 मिलिमीटरची टिकली कापतं; थेंबावर थेंब टाकला असेल तर आकडा उगाच चढतो. कार्ड आडवं ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवावं. पावसाळ्यात घरी येणारा माणूस ओलं कार्ड तसंच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबत असेल तर नमुना तिथेच परत घ्यायला सांगा.

खोटी घंटाही बऱ्याचदा वाजते. सी3 (कार्निटिनला जोडलेला एक घटक; सी5 हा तसाच दुसरा) वाढलं की रिपोर्टवर 'मिथाइलमॅलोनिक ॲसिडेमिया?' असं एका जन्मजात आजाराचं नाव छापून येतं. शाकाहारी घरात बी12 च्या कमतरतेनेही सी3 वाढतं, म्हणून आधी बी12 आणि होमोसिस्टीन (बी12 कमी असलं की रक्तात वाढणारा घटक) बघावं, कमतरता भरून काढावी, मग पुन्हा चाचणी. सेफडिटोरेन पिव्हॉक्सिल हे अँटिबायोटिक चालू असेल तर सी5 वर जातं. फ्री कार्निटिन (चरबी पेशीत जाळायला लागणारा घटक) गर्भारपणात एरवीही उतरतं, म्हणून ही चाचणी दिवस राहण्याआधीच अर्थाची.

आता उणी बाजू, आणि ती मोठी आहे. ओटीसी (अमोनियाचा निचरा करणारं एक एन्झाइम) कमतरतेची वाहक बाई या कार्डावर बहुधा सुटते. तिचा अमोनिया एरवी नॉर्मल असतो, कार्डावर मोजलं जाणारं सिट्रुलिन हे अमिनो ॲसिडही. आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत अमोनिया अचानक चढून ती बरळू लागते, बेशुद्ध पडते. बाळंतवात म्हणून तिकडे दुर्लक्ष होऊ शकतं. मुलगा जन्मल्यावर काही दिवसांत दगावल्याचा घरात इतिहास असेल, किंवा बाईला लहानपणापासून वरण, पनीर, अंडी नकोशी असतील आणि खाल्ल्यावर उलट्या होत असतील, तर पॅकेजवर थांबू नये. जनुक चाचणी आणि लघवीतलं ऑरोटिक ॲसिड (ओटीसी कमतरतेत वाढणारा घटक) मागावं. 'कॅरिअर स्क्रीनिंग' हे वेगळं प्रकरण आहे. ते मुलाला आजार होण्याची शक्यता सांगतं. आईच्या रक्तात आज काय साठलंय ते मोजत नाही.

रिपोर्ट हातात आला की आधी एकक बघा. फिनाइलॲलनिनचे 120 मायक्रोमोल प्रति लिटर म्हणजे 2 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. त्याहून वर असेल तर शिरेतल्या रक्तावर अमिनो ॲसिड आणि फिनाइलॲलनिनचं टायरोसिनशी (त्यापासूनच शरीरात बनणारं अमिनो ॲसिड) प्रमाण तपासून घ्यावं. पीकेयू पक्का झाला तर पातळी 120 ते 360 मायक्रोमोलमध्ये टिकेपर्यंत गर्भनिरोधक चालूच ठेवायचं, शक्यतो तीन महिने. पथ्य मेटाबॉलिक आहारतज्ज्ञाकडूनच आखून घ्यावं: 30 ग्रॅम कच्च्या तूरडाळीतच साधारण 550 मिलिग्रॅम फिनाइलॲलनिन असतं, आणि साखरेऐवजी ॲस्पार्टेमच्या गोळ्या (त्यातही फिनाइलॲलनिन असतं) चहात टाकल्या तर हिशेब तिथेच चुकतो.