खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी येणारी फिजिओथेरपी : रत्नागिरी परिसरातील बारा भेटींचा अनुभव

यंदा श्रावणात विहिरीच्या कठड्याजवळच्या शेवाळावरून पाय घसरून माझ्या डाव्या खुब्याचे हाड मोडले आणि रत्नागिरीत खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली. टाके निघाल्यावर पावसजवळच्या आमच्या घरी येऊन व्यायाम करून घेणाऱ्या एका फिजिओथेरपी सेवेच्या बारा भेटी मी घेतल्या.

शस्त्रक्रिया मागच्या बाजूने झाल्यामुळे कमरेत 90 अंशांहून अधिक वाकू नये, पायावर पाय टाकू नये आणि पाऊल आत वळवू नये, एवढी बंधने डॉक्टरांनी काही आठवड्यांसाठी घातली होती. त्यांत मी स्वतःची भर घातली होती : ओटीवर जायचे नाही, शिंक आली तरी पलंगाची कड धरायची. पहिल्याच भेटीत माझ्याकडून हालचालीची भीती मोजणारी, 17 विधानांची टॅम्पा मापनी भरून घेण्यात आली. तिचे गुण 17 ते 68 यांदरम्यान येतात आणि 37 च्या पुढे भीती जास्त समजतात. माझे 49 आले. दुखते का, असे विचारणारे पुष्कळ भेटले होते. भीती वाटते का, असे विचारणाऱ्या या फिजिओथेरपिस्ट बाई पहिल्याच.

मी वॉकर घेऊन चालू लागले, तेव्हा बाईंनी पायाकडे न पाहता माझ्या हातांकडे पाहिले. बोटांची पेरे पांढरी पडली होती, खांदे कानांपर्यंत चढले होते आणि प्रत्येक पावलाला मी श्वास रोखत होते. पडण्याच्या धास्तीने सगळे स्नायू एकदम आवळून धरले, की चाल लाकडासारखी होते, त्या आवळण्यानेच दुखू लागते आणि आपण मात्र चालल्यामुळे दुखले असे समजून आणखी आवळतो, हे त्यांनी सांगितले. मग म्हणाल्या, “काकू, तेराचा पाढा मोठ्याने म्हणत चला.” बोलताना श्वास रोखता येत नाही, एवढेच त्यामागचे कारण. तीस वर्षे मुलांकडून पाढे घोकून घेतलेल्या मी तेरा साते चौऱ्याण्णव म्हटले, दोघी हसलो, आणि एक हात वॉकरवरून काढून मी पदर सावरते आहे, हे माझ्या नंतर लक्षात आले.

घरी शिकण्याचा खरा फायदा ओटीपुढच्या जांभ्याच्या चार पायऱ्यांवर कळला, कारण त्यांतल्या दोन सारख्या उंचीच्या नाहीत. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी आणि काठी विरुद्ध, म्हणजे उजव्या हातात, हे रुग्णालयाच्या गुळगुळीत जिन्यावर पाठ केले होते, पण आमच्या पायऱ्यांनी ते नव्याने शिकायला लावले. झोपाळ्याची उंचीही बाईंनी टेपने मोजली आणि तो गुडघ्यापेक्षा खाली असल्याने डॉक्टरांनी मुभा देईपर्यंत बसू दिले नाही.

तक्रारी दोन आहेत. मुसळधार पावसात तीन भेटी आयत्या वेळी रद्द झाल्या आणि फोन मलाच करावा लागला. व्यायामांचा छापील कागद केवळ इंग्रजीत होता. तो मराठीत हवा, हे मी त्यांना लेखी कळवले आहे. भेटीमागे 600 रुपये मला जास्त वाटले नाहीत.

शेवटच्या भेटीत गुण 33 आले. विहिरीकडची उतरण अजून बाकी असून तेवढ्यासाठी दिवाळीनंतरच्या दोन भेटी मागून ठेवल्या आहेत.